पायथ्याच्या चार विटा

आई, माझ्यावर रोज सकाळी होणाऱ्या अन्यायाची दाद कुणाकडे मागावी ते कळेना, म्हणून तुला लिहितेय. डॉक्टरांनी घट्ट मोजा दिलाय. तो पोटरीवर चढवणं म्हणजे मांजराला झबलं घालणं. चढेपर्यंत चहा गार आणि मी गरम. हे सगळं कशासाठी, तर तुझ्याकडून आलेल्या या निळ्या, गाठाळ शिरांसाठी. लोकांच्या आया बांगड्या ठेवून जातात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सायन्सला होते आणि तू गंगापूर रोडच्या कोपऱ्यावर भाजीच्या हातगाडीपाशी दिवसभर उभी. तुझ्या घोट्यावरची जखम भरता भरेना. पाय छातीपेक्षा उंच ठेवून झोपा, नाहीतर पाय गमवाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी उशी आणली तर तू खेकसलीस, "उशीवर पाय? डोकं ठेवायची जागा हाय ती!" मग तुझ्या हातावरच्या शिरेवरून बोट फिरवत मी शिकवणी सुरू केली. हृदय जोरात ढकलतं, म्हणून धमन्यांच्या भिंती जाड, ताण सोसणाऱ्या. पुढे केसाहून बारीक वाहिन्या, तिथं रक्त आपल्याजवळचं सगळं देऊन टाकतं. मग पातळ शिरांतून परत.

"जाताना हृदय ढकलतं. मग येताना कोण?"

"पोटरी. चाललं की ती शिरा पिळते. आत झडपा असतात, वर गेलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. तुझ्या झडपा सैल पडल्यात, उभी राहून."

"मग भाजी काय झोपून विकू, बये?"

शेवटी शेजारच्या काकूंच्या जास्वंदीच्या आळ्याच्या चार विटा मागून आणल्या आणि खाटेच्या पायथ्याखाली लावल्या. उशीचा प्रश्न सुटला, पण तुझे तळवे थेट फळीवरच्या देवांच्या तोंडासमोर आले. खाट फिरवावी तर डोकं उत्तरेला. मी हसत सुटले. तू जुन्या केशरी लुगड्याचा पडदा फळीला लावलास आणि देवांना म्हणालीस, "घडीभर डोळे मिटा. लय दुखतंय."

त्या दुपारी अजून सरलेल्या नाहीत. पडद्यावरचं ऊन खोलीभर केशरी झालंय. तू झोपली आहेस, मी पायाशी बसले आहे, आणि मला दिसतंय, तुझं रक्त घोट्यापासून निघालंय, कुणी न ढकलता, हळूहळू उतारानं, बाजार आटोपून घरी निघालेल्या बाईसारखं.

जखम भरली. "काकूच्या विटा दे गं परत," तू म्हणायचीस. मी काढू दिल्या नाहीत. तुझ्यामागे त्या खाटेवर मी झोपू लागले, तरी नाहीत.

काल नवा पलंग आला, खाली पेटी असलेला, त्याला पायच नाहीत. आज विटा धुऊन काकूंना दिल्या. "आता आणल्यास व्हय? जास्वंद कधीच वाळली," म्हणाल्या, आणि त्यातली एक लगेच दाराला अडकण म्हणून लावली.

आता उशीवर पाय ठेवून पडलेय. उशी जरा कमी पडते, तिच्याखाली हे पत्र घडी घालून सरकवीन. पाठवायचं तरी कुठं? देव फळीवर तिथंच आहेत. तुला हसणारी मी, मोजा काढल्यावर मुकाट उठले आणि तुझा पडदा ओढून आले.