चावी खुंटीला आहे

ती. केदारी दाजींस,

बेळगुंदीहून युवराजचा वाकून नमस्कार. निपाणीत सगळी खुशाल असाल. आक्काची कंबर आता कशी आहे? इकडं आप्पा ठणठणीत आहेत, बाकीच्यांचं विचारू नका. फोनच करणार होतो, पण आप्पा दाराआड ऐकत बसतात (आणि मधूनच उत्तरंही देतात), म्हणून हे पत्र निपाणीच्या बसमध्ये कंडक्टरकडं देतोय.

आपली पांढरी गाडी विकायला काढली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चांगली किंमत आली तरच आमच्या सौ. माधवीला शिवणाच्या दुकानासाठी गाळा मिळतो, आणि गाळेवाला सोमवारपर्यंतच थांबणार. म्हणून मी गाडी धुतली, आतला कोंबड्यांचा वास जावा म्हणून उदबत्त्या लावल्या (आता कोंबडी देवाला सोडल्यासारखा वास येतो). गिऱ्हाईक आलं ते वडगावचे आण्णाप्पा, साड्या विणणारे मागवाले, भला माणूस. पण आप्पा आडवे आले. म्हणाले, "व्यवहार मी करणार. जल्मभर बैलं विकली, ह्याला तर शिंगं बी न्हाईत."

दाजी, त्यांनी गाडी बैलासारखीच विकली. खोडी लपवणं पाप, म्हणून सगळ्या आधीच सांगून टाकल्या: चढाला धापा टाकते, डावं दार लाथेशिवाय उघडत नाही, पावसात जांबोटीच्या वाटेवर बसते ती उठतच नाही. मग खांद्यावरचा टॉवेल आण्णाप्पांच्या हातावर टाकला आणि आतून बोटं दाबून भाव सांगितला, बैलबाजारात सांगतात तसा. त्या बिचाऱ्याला बोटांची भाषा कुठली? वडीलधाऱ्यानं हात धरला म्हणून त्यांनीही मायेनं सगळी बोटं दाबली. आप्पांनी टॉवेल झटकला, "ठरलं" म्हणाले, आणि भाव माझ्या अपेक्षेपेक्षा लई वर निघाला! आण्णाप्पा भिडस्त, त्यांनी पैसे देऊनही टाकले. मी आप्पांच्या पाया पडलो.

घोटाळा पुढं झाला. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाते, हा आप्पांचा नेम. त्यांनी चावी गोठ्यातल्या खुंटीला, जुन्या बैलांच्या दाव्यांशेजारी अडकवली. "नवा धनी आपलं दावं आणतोय की!" आण्णाप्पा गाडीभोवती एक फेरी मारून बसनं घरी गेले. रविवारपर्यंत चावी, नाहीतर पैसे परत, असा त्यांचा निरोप आहे. मी खुंटीकडं हात नेला की आप्पा ताटावरून उठतात. तेव्हा लग्नाच्या गडबडीत तुमच्याकडं राहिलेली दुसरी चावी तेवढी पाठवा, हात जोडतो.

तुमचा,
युवराज

ता.क. पाकीट चिकटवताना सहज खुंटीकडं बघितलं. तिथं दोन चाव्या आहेत. आप्पा परवा "लेकीला बघून येतो" म्हणून तुमच्याकडं आलते, ते ह्यासाठी व्हय? आणि तुम्ही चहा पाजून वर चावी दिली! धन्य आहे.

आणखी एक. आत्ताच आप्पांशी बोललो. डोळे पुसत म्हणाले, "परक्याला दावं न्हाय. लेकीच्या घरी जनावर गेलं तर दाव्यासकट देईन." मलाही भरून आलं. तर दाजी, शनिवारी या. आण्णाप्पांचे पैसे परत करतो, गाडी तुम्ही घ्या. भाव तोच, टॉवेलातला. गाडी लई गुणाची आहे, वरच्या खोडी वाचल्याच नाहीत असं समजा. येताना तेवढे बूट घालून या.