काळ्या हुलग्याचं मानांकन

४ जून २०२४
आज पक्कं कळलं. बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचं पथक पारनेर तालुक्यात येणार. कृषी कार्यालयातल्या बिभीषणने फोनवर कन्फर्म केलं. आपल्यासारख्या देशांत पेटंट, मानांकन यांची व्यवस्था भक्कम व्हावी म्हणून बाहेरचे तज्ज्ञ गावोगावची खास वाणं बघणार आहेत. आमच्या गावचं वाण ठरलेलंच. काळा हुलगा. माळाच्या मुरमाडात येतो. त्याच्या शेंगोळ्यांना पाहुणा दोनदा ताट पुढे करतो. संयोजक कोण, हा प्रश्न येत नाही. पतसंस्थेचा निवृत्त मॅनेजर गावात एकच आहे.
संकल्प: रोज अर्धा तास इंग्रजी.

५ जून
इंग्रजी उद्यापासून.
आक्काकडे गेलो. माझी थोरली बहीण, लंकाबाई. एकटी राहते. गावची रीत अशी की काळ्या हुलग्याचं बी कोणी आपल्या घरी ठेवत नाही. सगळं आक्काकडे, मडक्यात, राखेत घालून. पेरणीला बाया येतात, मूठभर नेतात. खळं झालं की मुठीच्या बदल्यात ओंजळ आणून देतात. घरी उरलेलं थंडीत शेंगोळ्यात संपतं. आक्का स्वतः पेरत नाही, गुडघे गेलेत. न्यायला आलेली बाई तासभर हलत नाही, आणायला आलेली त्याहून जास्त. वेळेचा अपव्यय. सिस्टिम नाही.
भाचा कल्याण पुण्यात असतो. म्हणतो, मामा, आईच्या दारात माणसं येत-जात आहेत तोवर तिला एकटं राहू देतो. नाहीतर घेऊन जाईन. आक्का त्याच्या तिसऱ्या मजल्याला खुराडं म्हणते.

१६ जून
पुण्याला एकदा पेटंटच्या सेमिनारला बसलो होतो. तिथलं एक वाक्य पाठ आहे: गोष्ट उघड झाली की हक्क गेला. म्हणून आजपासून बी वाटप बंद.
आक्का म्हणाली, बापू, बियाला आल्याली बाई रिकामी परत लावत न्हाईत. मी म्हटलं, एका हंगामाचा प्रश्न आहे. तिने मडक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, तू शिकलेला हायेस, तुला ठावं. संमती मिळाली.
राख चाळून काढली. आक्का म्हणते राखेने किडा लागत नाही, पण परदेशी पाहुण्यांना राख कशी दाखवायची? बी स्टीलच्या एअरटाइट डब्यात भरलं. डबा माझ्या कपाटात.

८ जुलै
बाया आल्या. आक्काला बोलावं लागू नये म्हणून मीच ओट्यावर उभा राहिलो आणि बौद्धिक संपदा समजावून सांगितली. बायडाबाईला मध्येच शेरडांची आठवण झाली. केशरबाईने विचारलं, मॅनेजर, बी तुमच्या ब्यांकेत ठिवलं व्हय? मंग याज काय देता? बाया हसल्या. हसणं हे अज्ञानाचं लक्षण. चहा न घेता गेल्या. केशरबाई पाकिटाचा मूग आणणार आहे म्हणे. आणू दे. तेवढीच गुप्तता राहील.
आक्का आतून बाहेर आलीच नाही. गुडघे.

२० नोव्हेंबर
पथक पुढच्या वर्षी. बिभीषण म्हणतो, वरून तारीख आली नाही. आंतरराष्ट्रीय कामं अशीच असतात. तयारीला वेळ मिळाला. इंग्रजीचं पुस्तक नगरहून मागवायचं आहे.
खळी उरकली. आक्काकडे ओंजळ घेऊन कोणी आलं नाही. पेरलंच नाही तर आणणार कुठून, हे तिला कळत असणार. तरी ती जास्तीचं दूध घेऊन ठेवते. काल नासलं. मी रागावलो.

१२ जानेवारी २०२५
थंडी आहे. शेंगोळे खावेसे वाटले. गावात कोणाकडे हुलगा नाही. डब्यातला मूठभर घेता आला असता, पण मोह आवरला. त्यागाशिवाय काही उभं राहत नाही.
आक्काकडे बसलो असताना कल्याणचा फोन आला. आक्का म्हणाली, व्हय तर, केशर आत्ताच उठून गेली, बनुबाई सांजच्याला येनार हाय. दोघीही पेरणीपासून आलेल्या नाहीत. वयामुळे आक्काचा गोंधळ होतो. कल्याणला सांगायचं का? नको. उगाच काळजी करेल.

६ जुलै
पथक ऑक्टोबरात, नक्की. त्यांना उभं पीक दाखवावं म्हणून घरामागे प्लॉट तयार केला. डबा उघडला. तळाशी पीठ, दाण्यांना भोकं. झाकण एअरटाइट होतं, म्हणजे किडा डबा बनवतानाच आत गेला असणार. कंपनीला पत्र लिहिणार आहे. त्यातले बरे दाणे निवडून पेरले. आक्का बांधावर उभी होती.

२ ऑगस्ट
उगवण नाही. माती तपासून घ्यावी लागेल.

१४ ऑक्टोबर
पथक आलं. पथक म्हणजे एक केनियाच्या बाई आणि ड्रायव्हर. जिनिव्हाच्या मुख्यालयातले गोरे साहेब येतील असं धरून मी इंग्रजी भाषण तयार केलं होतं. दोन वाक्यं झाली, मग बिभीषणनेच दुभाष्याचं काम केलं.
बाईंनी विचारलं, पिकवतं कोण? त्यांना बोलवा. मी सांगितलं, गुप्तता राखली आहे. बिभीषणने ते दोनदा सांगितलं, बाईंना कळेना. मग त्या हळू आवाजात बोलल्या. भौगोलिक मानांकन एका माणसाला मिळत नसतं. गाव पिकवतं, गाव देतं-घेतं, म्हणून तर ते गावाचं. पेटंटची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडेही एका गावात हाच घोटाळा झाला होता. त्यांनी झाड पाहायला मागितलं. मी डबा दिला. त्यांनी दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली. पीठ उडालं.
अहवालात सुधारणेला वाव असल्याचं नमूद करणार आहेत. म्हणजे दौरा यशस्वी.
जाताना त्या आक्काच्या ओट्यावर बसल्या. एकीला दुसरीचं कळत नव्हतं, तरी बराच वेळ बसल्या. त्या उठल्या तशी आक्का सवयीने बी आणायला आत गेली. मडकं रिकामं. मग साखरेची चिमूट आणून त्यांच्या हातावर ठेवली.

३ नोव्हेंबर
आक्का मला घेऊन दारोदार गेली. कोणाकडे काळ्या हुलग्याची मूठभर तरी राहिली असेल म्हणून. आजवर ती देत आली, मागायला कधी गेली नव्हती. बायडाबाईने पाट दिला. बनुबाई म्हणाली, मोडलेले दानेबी न्हाईत. केशरबाईकडे मीच विषय काढला. या वेळी केशरबाईने टोमणा मारला नाही. म्हणाली, लंकाबाय, मागल्याच्या मागल्या थंडीतच सपलं. ठिवायचं ध्यानातच आलं न्हाई, तुमच्याकडं हाय म्हनून. आक्का म्हणाली, व्हय गं, माझ्याकडंच हुतं.
परत येताना आक्का वाटेत दोनदा बसली.

११ डिसेंबर
कल्याण न सांगता येऊन गेला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसला. दारात कोणी आलं नाही. मी कारणं सांगितली: ऊसतोडीला गेलेली घरं, लग्नसराई, थंडी. त्याने आईला विचारलं, केशरमावशी कधी येऊन गेली? या वेळी आक्काने खोटं सांगितलं नाही.
रविवारी तो गाडी घेऊन येतो. तिचं सामान एका गाठोड्याचं आहे. तिने मला विचारलं, तितं दार लावूनच बसत्यात का रं? मी म्हटलं, सेफ्टी असते.
घराची किल्ली माझ्याकडे राहील. सोमवारपासून रोज सकाळी दार उघडून ओट्यावर बसायचं ठरवलं आहे. कोणी आलंच तर.