पाचवं शील

रुखमे,

तुझ्या भावानं, पुनाजीनं तुला सांगितलं की मी शील म्हणायला नकार दिला. अर्धंच सांगितलं त्यानं.

"दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत बसा, मंग नांदाले येईन," असं तू बजावून गेलीस, म्हणून या वयात नालवाडीच्या विहारात जाऊन बसलो. तिथं एकेकानं उभं राहून पंचशील म्हणायचं असतं. मी चार शुद्ध म्हटली आणि थांबलो.

पुनाजी हसला. "काऊन भाऊजी, पाठांतर सरलं काय?"

मग स्वतः उठून पाचही घडाघडा म्हणाला. त्याच्या तोंडाचा मोहाच्या दारूचा वास माझ्यापर्यंत येत होता. लोकांनी त्याला शाबासकी दिली.

मला पाठ होतं, रुखमे. कुण्या मास्तरानं शिकवलं नाही, मी स्वतः वाचून शिकलो, अर्थासकट. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणून झाल्यावर, सकाळी प्यालेल्या तोंडानं दारू न पिण्याचं पाचवं कसं म्हणू? दीक्षा घेतली ती काय पोपटपंचीसाठी?

दर रविवारी जातो. लोक हसतात, मी चारावर थांबतो. हे पत्र पाठवून तुला नांदायला बोलवायचं तर 'सोडली' असं लिहावं लागेल. आज ते लिहिता येत नाही.

श्रावण