तपासणीचा दिवस

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. वृद्धाश्रमातल्या आईच्या खोलीतला कॅमेरा येत्या रविवारी काढून टाकायला सांगतो, म्हणतोस. ताई एवढं करते आणि आपण तिच्यावर पाळत ठेवली, याची तुला लाज वाटते. ते पत्र तीनदा वाचून मी शिलाई मशीनच्या खणात ठेवून दिलं. फोनवर बोलायला गेले तर जीभ सवयीने थाप मारेल, म्हणून लिहिते आहे.

तू कॅमेऱ्याचं नाव काढलंस तेव्हा मी केवढं आकांडतांडव केलं होतं! आईचे कपडे बदलतात, तिला पुसून काढतात, ते सगळं तू तिकडे बसून बघणार का, असं विचारलं. उंटावरून शेळ्या हाकतोस म्हणाले. मावशीनेही माझी बाजू घेऊन तुला चार शब्द सुनावले, आणि तू बिचारा गप्प बसलास. माझा मुद्दा काही अगदीच खोटा नव्हता रे. पण पोटात वेगळंच होतं. मी वृद्धाश्रमात जातच नव्हते.

दर रविवारी तुला सांगायचे ना, आज पोटभर जेवली, आज खिडकीशी बसवलं, आज तुझी आठवण काढली? ते सगळं तिथल्या आयाबाईंना फोन करून विचारलेलं असायचं. मला स्वतःला जाऊन महिना महिना उलटायचा. दुकानात काजं-बटणांचा ढीग पडलाय, हे कारण कायम तयार. खरं कारण एवढंच, की आईचे पाय गेले तरी डोकं लख्ख आहे, आणि मी दिसले की ती विचारायची, घरी कधी नेतेस. मला उत्तर देता यायचं नाही. म्हणून मी सख्ख्या आईला चुकवत होते.

शेवटी तू आईलाच विचारलंस, ती हो म्हणाली, आणि कॅमेरा बसला. कपडे बदलताना कॅमेऱ्यावर टाकायला एक कापडही ठेवायला लावलंस. दुसऱ्या दिवसापासून मी हजर! खुर्ची कपाटाकडे ओढून घेतली, कारण खिडकीशी बसले असते तर तुला माझी नुसती पाठ दिसली असती. वेणी घातली, नखं कापली. एक नख वाढून आत वळलं होतं. ते कापताना मी मुद्दाम हात आडवा धरला, तुला दिसू नये म्हणून.

मंगळवारी दुपारी आई माझ्याकडे बघून हसली, ते पाहून डोळे भरून आले, असं तू लिहिलंस. त्या कॅमेऱ्यात आवाज येत नाही, म्हणून ती काय म्हणाली ते तुला कळलं नाही. आईने बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. साहेब तपासणीला येणार म्हटलं की वर्ग कसा एका दिवसात लख्ख व्हायचा, ते ती आपल्याला किती रंगवून सांगायची! मंगळवारी मी तिसऱ्यांदा तिची उशी सारखी केली आणि वर कॅमेऱ्याकडे बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "तपासणी चालू आहे वाटतं?" मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "असू दे गं. साहेबांमुळे का होईना, वर्ग झाडला जायचा."

तेव्हा हसली ती. तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तुझ्याकडे एका अक्षराने तिने माझी तक्रार केली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून सांगते, कॅमेरा काढू नकोस. मी आता आपणहून जाईन, असं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. मला माझी खात्री नाही. देखल्या देवा दंडवत तर दंडवत, पण आईची नखं वेळेवर कापली जातात. घरी कधी नेतेस, हे ती हल्ली विचारत नाही. मी निघाले की एवढंच विचारते, उद्या येशील ना. मी हो म्हणते. ते हो खरं ठरावं, म्हणून तू बघत राहा.

जशी आहे तशी, तुझीच
ताई