जाड छर्रा की बारीक

ड्वेन,

तू गाढ झोपलायस. बाहेर धुकं खिडकीला टेकलंय, उठवावंसं वाटेना. मी आईकडे जातेय, रविवारी येईन. कॉर्नब्रेड ओव्हनमध्ये आहे.

चोरी झाल्यापासून तुझं एकच चाललंय: बंदुकीत जाड छर्रा भरू की बारीक? काल मी कोठारामागे जुन्या फळ्यांवर दोन्ही झाडून पाहिले. जाड छर्रा तिन्ही फळ्यांतून आरपार गेला. बारीकही पहिलीत अडला नाही. आपल्या भिंती त्याहून पातळ आहेत.

आणि आपली लेक केली पुन्हा झोपेत चालायला लागलीये, रे. परवा पांढऱ्या झग्यात, उघड्या डोळ्यांनी, ढगावरून चालावं तशी अंगणात गेली. हाक मारली तरी ओ देत नाही.

म्हणून काडतुसांचे दोन्ही खोके मी नेतेय. रागव हवं तर. दारात कुणी दिसलं, तर हाताला धरून परत झोपव.

लोरीन