सीमेवरचे घर, चूल माझ्या बाजूला

मी, तोरग्रिम बाक्केदाल, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार स्टोरबेक, मिनेसोटा, अंथरुणावरून पाद्री त्वेत यांच्याकडून हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. बुद्धी शाबूत आहे. पुरावा एवढाच, की कोणाचा एकही अपराध मी अजून विसरलेलो नाही.

१. ओंडक्यांचे घर. नॉर्वेहून आल्यावर मी आणि धाकटा भाऊ आयविंद यांनी आमच्या दोन जमिनींच्या सीमेवर ते मिळून बांधले. सरकारचा नियम असा, की पाच वर्षे ज्याने त्याने आपल्याच जमिनीवर निजावे, तरच ती नावावर होई. म्हणून छप्पर एक आणि खाटा सीमेच्या अलीकडे-पलीकडे. चूल माझ्या बाजूला. चौथ्या हिवाळ्यात आयविंदची तान्ही मुलगी तापली, तेव्हा नवरा-बायको तिला घेऊन थंडीभर चुलीपाशी निजले. बर्फ वितळताच मी कचेरीत शपथेवर सांगितले, की आयविंद आपल्या जमिनीवर निजत नाही. यात एक अक्षर असत्य नव्हते. त्याचा हक्क गेला. जमीन मी घेतली. तो लाकूडतोडीला गेला आणि झाडाखाली सापडून मेला. मागोमाग त्याची बायको.

२. ती मुलगी राग्ना. तीस वर्षे माझ्याकडे आहे. बोलते कमी, भाकरी जाड करते. तिला घराची आयविंदकडची बाजू देतो. चूल नाही.

३. उरलेले घर, चूल आणि दोन्ही जमिनी मुलगा आर्ने यास. अकरा वर्षांत त्याचे एकच पत्र आले, तेही करवत मागणारे. करवतही देतो. घर बरोबर सीमेवरून कापावे. तुळईवर खूण आहे.

४. ज्याला यात काही मिळते त्याने साक्ष घातली, तर त्याचा हिस्सा बुडतो, असे पाद्री सांगतात. दोन साक्षींशिवाय हे पक्के होत नाही; दुसरा साक्षीदार, शेजारी क्नुत, गुरुवारी यायचा होता. परंतु वरील मजकूर मोठ्याने वाचला जात असता राग्ना पिठाचे हात पुसत पुढे आली. कलम एक तिने आज प्रथमच ऐकले. पुढचे बोलणेही लिहावे असा तिचा आग्रह. माझी हरकत नाही.

"लेखणी द्या, पाद्रीबाबा."

"अगं, सही केलीस तर तुझी बाजू गेली. गुरुवारपर्यंत थांब," मी म्हणालो.

"गुरुवारी तुम्ही पहिलं कलम खोडाल, काका. ओळखते मी तुम्हाला."

"मग राहशील कुठे?"

"माझ्या बाजूला तशीही थंडीच होती. पाद्रीबाबा, हे कचेरीत वाचतात ना?"

"वाचतात."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

सबब तिचा हिस्सा रद्द होऊन आर्नेकडे जातो. सही करून ती सीमेपलीकडे, बापाच्या खाटेवर जाऊन बसली आहे. चूल विझत आली; लाकूड घालायला मला उठता येत नाही.

स्टोरबेक, सोमवार, १ फेब्रुवारी १९०४

(सही) तोरग्रिम बाक्केदाल
साक्षीदार: १. पाद्री ओलाउस त्वेत
२. राग्ना आयविंद बाक्केदाल