भाजीचा खर्च

वाशीम,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. गोपाल,

तुला आणि योगिनीला ताईचे आशीर्वाद, छोट्या संस्कृतीला पापा, आणि तुमच्या पुण्याच्या महागाईला दुरूनच नमस्कार. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांपेक्षा कमी.

पुणं सोडलं तर कुठे परवडेल, हे तू विचारलंस म्हणून चौकशी केली. तुझा घराचा जेवढा हप्ता जातो, तेवढ्यात नागपुरात भाडं, किराणा आणि वर संस्कृतीची शाळाही निघेल, असं माझी नणंद म्हणते. अकोला त्याहून स्वस्त, पण उन्हाळ्यात कूलरचं बिल बघूनच घाम फुटतो. आमच्या वाशीमला सहा-सात हजारांत दोन खोल्या मिळतात. नळाला पाणी कधी येईल ते मात्र घरमालकालाही ठाऊक नसतं. पेट्रोल सगळीकडे सारखंच रडवतं.

राहिलं आपलं मंगरूळपीर, आई-बाबांचं. परवा फोनवर तू किती खुशीत होतास! "ताई, पुण्याचं घर भाड्यानं देतो अन् मळाच करतो. राह्याले घर हाय, भाजीचा तं खर्चच नाही!" मी नुसतं हं हं केलं. बोलले असते तर रडले असते, म्हणून हे पत्र.

गोपाल, मंगरूळपीरला भाजीचा खर्च आहे. आई बाजारातून मेथी विकत आणते. जन्मभर जिने शेजाऱ्यांना जुड्या फुकट वाटल्या, ती आता पदर पुढे ओढून बाजाराच्या पार टोकाला जाते, ओळखीची भाजीवाली भेटू नये म्हणून.

तुझ्या घरासाठी बाबांनी दिलेले पैसे साठवलेले नव्हते रे. त्यांनी मळा विकला. तिथे आता चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत, विहीर बुजवलीय. दोन दिवाळ्या तुला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तुला दिसलं नाही. मला माहीत होतं. तुझ्या वास्तुशांतीला पुरणपोळी वाढताना सांगणारच होते, पण बाबांनी शपथ घातली होती. ती मोडली असती तर बरं झालं असतं.

तुझा बेत काल बाबांना सांगितला. म्हणाले, "त्याले सांग, तिकडंच राह्य. तो वापस आला तं म्या मळा कायले इकला?"

तेव्हा हप्ता जड गेला तरी तिथेच तग धर. संक्रांतीला मात्र चार दिवस ये. आई मेथी वाढेल. मळ्याची नाही, हे तुला पहिल्याच घासाला कळेल. तरी मागून घे.

घरी परत ये, एवढंही म्हणू न शकणारी,
तुझी ताई
तनुजा